नॅनोउत्प्रेरण

नॅनोउत्प्रेरण म्हणजे साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण अथवा तितकीच सूक्ष्म रचना असलेले पदार्थ वापरून रासायनिक अभिक्रियांचा वेग व दिशा नियंत्रित करणे होय. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी या तिन्ही शाखांशी हे क्षेत्र निगडित आहे. भारतात या विषयावरील संशोधनाचे पुणे हे एक महत्त्वाचे केंद्र आहे.

तत्त्व

स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. ही संकल्पना स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये मांडली. घन उत्प्रेरकावरील अभिक्रिया त्याच्या पृष्ठभागावर घडते, त्यामुळे कणाच्या आतील अणू एका अर्थी वाया जातात. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ केवळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १ नॅनोमीटर बाजूचे तुकडे केल्यास एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर होते. प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांसारख्या दुर्मिळ व महाग धातूंच्या बाबतीत ही बचत निर्णायक ठरते.

आकार कमी झाल्याने काही वेळा गुणधर्मही बदलतात. सोने हा निष्क्रिय धातू मानला जात असे. परंतु धातूंच्या ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण शून्य अंश सेल्सिअसपेक्षा बऱ्याच कमी तापमानालाही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवतात, हे जपानमधील मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले.

अभियंत्यांची भूमिका

प्रयोगशाळेतील काही ग्रॅम उत्प्रेरकापासून कारखान्यातील टनावारी उत्प्रेरकापर्यंतचा प्रवास हे नॅनोतंत्रज्ञान अभियंत्याचे मुख्य कार्यक्षेत्र आहे. त्यात पुढील बाबींचा समावेश होतो :

* निर्मिती : मोठ्या पात्रात तापमान व मिश्रण सर्वत्र सारखे राहत नाही, त्यामुळे कण लहानमोठे होतात. सर्व कणांचा आकार एकसारखा राखावा लागतो.
* आधारद्रव्य : कण सुटे ठेवल्यास ते एकमेकांस चिकटतात. म्हणून ते अ‍ॅल्युमिना, सिलिका किंवा कार्बनच्या सच्छिद्र आधारावर बसवतात.
* आकार देणे : बारीक भुकटीने अभिक्रियापात्र भरल्यास वायूचा प्रवाह अडतो. म्हणून भुकटीच्या गोळ्या किंवा कांड्या करतात. मात्र गोळी मोठी असल्यास अभिकारक तिच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाहीत. या दोहोंचा मेळ घालणे आवश्यक असते.
* आयुर्मान : उच्च तापमानात कण एकत्र येऊन मोठे होतात (सिंटरिंग), तसेच त्यांवर कार्बनचा थर साचतो. दोन्हींमुळे क्रियाशीलता घटते.

पुण्यातील संशोधन

पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. एल. के. दोराईस्वामी (संचालक, १९७८–१९८९) यांनी तेथे अभिक्रिया अभियांत्रिकीचा पाया भक्कम केला. पॉल रत्नसामी (संचालक, १९९५–२००२) हे झिओलाइट उत्प्रेरकांवरील संशोधनासाठी ओळखले जातात. झिओलाइटमधील छिद्रे रेणूंच्या आकाराची, म्हणजे एक नॅनोमीटरहूनही लहान असू शकतात. त्यामुळे ठरावीक आकाराचेच रेणू आतबाहेर जातात. या प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘एन्सिलाइट’ झिओलाइट उत्प्रेरक पेट्रोरसायन उद्योगात वापरले गेले.

याच संस्थेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार केले. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद व पुण्यातील केपीआयटी कंपनी यांनी विकसित केलेल्या हायड्रोजन इंधनघटावरील मोटारीची चाचणी २०२० मध्ये झाली. अशा प्रकारच्या घटांत सामान्यतः कार्बनवर बसवलेले प्लॅटिनमचे नॅनोकण उत्प्रेरक म्हणून वापरतात.

मर्यादा व सुरक्षितता

द्रवातून नॅनोकण गाळून वेगळे करणे अवघड असते. ते उत्पादनात राहिल्यास महाग धातूचे नुकसान होते व औषधांसारख्या उत्पादनांची शुद्धताही धोक्यात येते. कोरडी भुकटी श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊ शकते आणि काही धातूंची सूक्ष्म भुकटी हवेत पेट घेते. त्यामुळे बंदिस्त हाताळणी, योग्य वायुवीजन आणि वापरलेल्या उत्प्रेरकातून धातूची पुनर्प्राप्ती यांचा विचार प्रक्रियेच्या आराखड्यातच करावा लागतो.