अव्यक्त, शै आणि व्हेरिएबल

उस्मानपुऱ्यातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवीच्या मुलांचा रोबोटिक्सचा तास आम्ही मागच्या बाकावर बसून पाहिला. वीतभर लांबीची चार चाकांची गाडी, तिच्या तोंडाशी अंतर मोजणारा सेन्सर आणि संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून तिला द्यायचे हुकूम. गाडीने फरशीवर चार फेऱ्या मारून थांबावे, एवढेच त्या दिवसाचे काम होते. सरांनी फळ्यावर लिहिले : फेरे = फेरे + १. गणितात हुशार समजला जाणारा एक मुलगा ताडकन उठला. "सर, ये कैसा होता? दोनों तरफ से फेरे निकाल दिए तो सिफ़र बराबर एक हो जाता!"

सर भले गृहस्थ. पण त्यांनाही हा विषय घाईघाईत शिकवलेला. "कोडिंग में ऐसाइच रहता, लिख लो," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मुलगा खाली बसला आणि त्याने लिहून घेतले.

त्या मुलाचे बसणे आमच्या मनातून जाईना. तो चुकला नव्हता. बीजगणिताच्या नियमाने ते विधान खोटेच आहे. त्याचा प्रश्न ज्या जागी उभा होता, तिथून हजार-बाराशे वर्षांचा रस्ता मागे जातो आणि त्या रस्त्यावरचा एक महत्त्वाचा मुक्काम त्याच्याच शहरात आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. आम्हालाही आमच्या शाळेत कोणी सांगितले नव्हते.

नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी याने 'अल्-जब्र वल्-मुकाबला' हा ग्रंथ लिहिला. जी संख्या ठाऊक नाही तिला त्याने 'शै', म्हणजे नुसते 'वस्तू', असे नाव दिले. आजच्यासारखी अक्षरे किंवा चिन्हे त्याच्याकडे नव्हती; सगळे गणित वाक्यांत. ग्रंथाचा मोठा भाग मृत्युपत्रे आणि वारसा वाटणीच्या उदाहरणांनी भरलेला आहे. कोणाच्या वाट्याला किती, हे आधी ठाऊक नसते म्हणून त्या हिश्शाला 'शै' म्हणायचे आणि हिशेब मांडायचा. (बहिणीचा हिस्सा न्यायाने काढता यावा म्हणून ज्या समाजात एवढे गणित झाले, त्या समाजात आज तो हिस्सा द्यायची वेळ आली की गणित कोणालाच येत नाही.) 'अल्जेब्रा' हा शब्द या ग्रंथाच्या नावातून आला आणि 'अल्गोरिदम' हा ग्रंथकाराच्या. 'शै'चाच पुढे एक्स झाला, असे आमच्या सभा-संमेलनांतून हमखास सांगितले जाते. त्याला पुरावा नाही. एक्स, वाय, झेड ही अक्षरे अज्ञातासाठी रूढ केली ती देकार्तने, १६३७ मध्ये. जे आहे तेच इतके मोठे आहे की पदरची भर घालण्याची गरज नाही.

आपल्या मुलखात अज्ञाताला 'अव्यक्त' म्हणत. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटण लागते. तिथल्या देवळातील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची आणि १२०७ साली त्याला दान मिळाल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके असेल तितके', असे नाव आहे. दुसरे अज्ञात आले की 'कालक', मग 'नीलक', 'पीतक' : काळे, निळे, पिवळे. लिहिताना पहिले अक्षर पुरे : या, का, नी, पी. त्यातले एक उदाहरण सातवीतला मुलगाही सोडवील. एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे आणि डोक्यावर १०० रुपयांचे कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत काय? किंमतीला 'या' म्हणा, दोन्ही बाजू मांडा. उत्तर १०० येते.

आता त्या मुक्कामाकडे येऊ. हे बीजगणित १६३४-३५ च्या सुमारास फारसीत गेले. अनुवादक अताउल्लाह रुश्दी, ताजमहालचा शिल्पकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. अनुवाद त्याने शाहजहानला अर्पण केला. पुढे पंचवीसेक वर्षांनी हाच अताउल्लाह आमच्या शहरात बीबी का मकबऱ्याचा वास्तुकार म्हणून भेटतो. मकबऱ्याच्या प्रवेशद्वाराच्या दरवाजावर त्याचे नाव आहे आणि सोबत हंसपत राय यांचेही. शाळेच्या सहली दरवर्षी त्या दरवाजातून आत जातात. ताजमहालची नक्कल म्हणून मकबऱ्याला नाके मुरडून परत येतात. सह्याद्रीतल्या एका ब्राह्मण गणितज्ञाचे 'यावत्तावत्' फारसीत नेणाऱ्या माणसाच्या कामाखालून आपण गेलो, हे पोरांना कळत नाही आणि मास्तरांनाही.

विसाव्या शतकात हे काम पुन्हा एकदा याच शहरात झाले. मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय बरीच वर्षे औरंगाबादेत होते. हैदराबादेत १९१७ मध्ये दारुल-तर्जुमा निघाला, त्याचे पहिले प्रमुख तेच. उस्मानिया विद्यापीठात विज्ञान आणि गणित उर्दूतून शिकवायचे, तर प्रत्येक संज्ञेला शब्द हवा होता, आणि ते शब्द घडवण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे समित्यांत बसली. अंजुमनने १९२८ मध्ये 'साइंस' नावाचे त्रैमासिकही काढले. १९४८ नंतर मराठवाड्यात ते सगळे मागे पडले. आज उर्दू शाळेतल्या मुलाच्या गणितात 'मुतग़य्यर' आहे, शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलाच्या गणितात 'चल' आहे आणि रोबोटिक्सच्या तासाला दोघांसमोर येते ते 'व्हेरिएबल'. हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत, की थोड्या वेगळ्या?

थोड्या वेगळ्या. आणि त्या मुलाची अडचण नेमकी इथेच होती. भास्कराचार्यांच्या उदाहरणात घोड्याची किंमत ठरलेली आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. रोबोच्या गाडीतले 'फेरे' हा मात्र एक डबा आहे. आत्ता त्यात शून्य आहे, थोड्या वेळाने एक असेल, मग दोन. फळ्यावरची ती ओळ विधान नव्हे, हुकूम आहे : डब्यात जे आहे ते काढ, त्यात एक मिळव आणि पुन्हा त्याच डब्यात ठेव. आधी उजवी बाजू, मग डावी. त्या मुलाला पडलेला पेच मोठमोठ्या तज्ज्ञांनीही ओळखला होता. १९५७ च्या फोरट्रान भाषेत या हुकुमासाठी साधे बरोबरचे चिन्ह वापरले गेले. लगेच १९५८ मध्ये आलेल्या अल्गोल भाषेच्या कर्त्यांनी त्याच्या डाव्या अंगाला दोन टिंबे जोडून ते वेगळे केले, म्हणजे समीकरण आणि हुकूम यांची गल्लत नको. अल्गोल या नावात अल्गोरिदम आहे, म्हणजे ख्वारिज्मीच आहे.

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कोडिंग माध्यमिक टप्प्यापूर्वीच, सहावीपासून आणले. उपकरणांचे खोके येतात. दारुल-तर्जुमाने केले ते काम कोणत्याही खोक्यातून येत नाही. उस्मानपुऱ्यातच १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. त्याच्या भिंतीला लागून आमची मुले रोज शाळेत जातात आणि त्यातली किती आत पोहोचतात, याचा विचार आम्ही भिंतीच्या या बाजूला बसून करत असतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. सरांशी आधी बोललो होतो. त्यांनी टेबलावर खडूचा रिकामा डबा ठेवला, त्यात चिठ्ठ्या टाकत आणि बदलत त्या मुलाच्याच हाताने चार फेऱ्या मोजून घेतल्या. मग डब्याला नाव तुम्हीच द्या, कोणत्याही भाषेत द्या, असे सांगितले. समोर अडथळा आला की गाडीने थांबायचे होते. एका गटातल्या दोघींपैकी एकीने डबा केला 'दूरी' आणि दुसरीने 'अंतर'. सेन्सरचे माप पडत होते 'अंतर'मध्ये आणि वीस सेंटिमीटरहून कमी असेल तर थांब, हा हुकूम तपासत होता 'दूरी'. त्या डब्यात कोणी काही टाकलेच नव्हते; शून्य होते. गाडी जागची हलेना. बॅटरी बदलून झाली, तारा काढून लावून झाल्या. शेवटी गणितातला तो हुशार मुलगा पडद्याशी वाकला आणि म्हणाला, "अरे, ये तो दो डब्बे हैं."