डोळ्याचा पडदा पुन्हा तयार होतो का?

लोणी (ता. आंबेगाव) : माणसाच्या डोळ्यात मूळ पेशी म्हणजे स्टेम सेल असतात, हे खरं आहे. बुबुळाच्या कडेच्या पेशी बुबुळावरची जखम भरून काढतात. मागच्या पडद्याचं मात्र तसं नाही. झेब्रा मासा खराब झालेला पडदा नवा करतो, माणसाला ते जमत नाही. पडद्यामागच्या थरात सुप्त मूळ पेशी असल्याचं अमेरिकेत २०१२ साली दिसलं. पण त्या आपणहून कामाला लागत नाहीत. त्यावरचे उपचार अजून चाचणीतच आहेत. तिकडेच पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यात टोचून घेतल्यावर तीन महिलांची नजर गेली. त्यामुळे जाहिरातीला भुलू नका. शुगर असेल तर नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. नारायणगावला मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे.