मॉस्को मेट्रोच्या भिंतींवरील खाडाखोड

मॉस्कोच्या भुयारी रेल्वेची स्थानके 'जनतेचे राजवाडे' म्हणून जगभर ओळखली जातात. संगमरवरी खांब, झुंबरे आणि काचतुकड्यांची कुट्टिमचित्रे पाहून नवखा प्रवासी थक्क होतो. तथापि, या वैभवापेक्षाही बोलकी आहे ती त्यावर वेळोवेळी झालेली खाडाखोड. कोणत्या राजवटीला काय मिरवावेसे वाटले आणि काय पुसावेसे वाटले, हे येथे एका तिकिटात वाचता येते.

१५ मे १९३५ रोजी ही रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिच्यावर १३ स्थानके होती. तिला सोव्हिएत नेते लाझार कागानोविच यांचे नाव होते; १९५५ मध्ये ते जाऊन लेनिन यांचे आले. पहिल्या टप्प्यातील एका स्थानकाचे नाव तर न बांधल्या गेलेल्या इमारतीवरून पडले होते. १९३१ मध्ये ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रल पाडून त्या जागी 'सोव्हिएतांचा प्रासाद' उभारण्याचा घाट घालण्यात आला. युद्धामुळे काम थांबले, पुढे तेथे जलतरण तलाव झाला आणि १९९० च्या दशकात पुन्हा कॅथेड्रलच उभे राहिले. स्थानक मात्र १९५७ पासून 'क्रोपोत्किन्स्काया' म्हणून ओळखले जाते.

वास्तुविशारद अलेक्सेई दुश्किन यांचे 'मायाकोव्स्काया' (१९३८) हे या मालिकेतील रत्न होय. पोलादी पट्ट्यांनी मढवलेल्या सडपातळ खांबांवर तोललेल्या छतात चित्रकार अलेक्सांद्र देइनेका यांची ३४ कुट्टिमचित्रे आहेत. विषय एकच, सोव्हिएत आकाशाचे चोवीस तास. विमाने, हवाई छत्रीधारी, फळांनी लगडलेल्या फांद्या, सारे काही खालून वर पाहिल्यासारखे. चित्रे छतातील खोलगट घुमट्यांत असल्याने त्यांच्या अगदी खाली उभे राहून मान वर करावी लागते. घाईतल्या प्रवाशाला ती दिसतच नाहीत. जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने येत असताना, ६ नोव्हेंबर १९४१ रोजी, याच फलाटावर स्टालिन यांनी क्रांतीच्या वर्धापनदिनाचे भाषण केले. देइनेका यांची चित्रे काचतुकड्यांत साकारणारे व्लादिमीर फ्रोलोव्ह मात्र लेनिनग्राडच्या वेढ्यात अडकले. तेथेही ते पुढच्या चित्रांवर काम करीत राहिले आणि १९४२ मध्ये मृत्यू पावले. त्यांची ती अखेरची चित्रे १९४३ मध्ये उघडलेल्या 'नोवोकुझनेत्स्काया' स्थानकात आहेत.

'प्लोशाद रेवोल्युत्सी'मध्ये मात्वेई मानिझेर यांचे ७६ कांस्यपुतळे कमानींत दाटीवाटीने बसले आहेत. त्यातील सीमारक्षकाच्या कुत्र्याचे नाक परीक्षेपूर्वी घासले की यश मिळते, अशी विद्यार्थ्यांची श्रद्धा! ते नाक आता सोन्यासारखे चकाकते.

खाडाखोडीचा ठळक नमुना म्हणजे १९५२ मधील वर्तुळमार्गावरील 'कोम्सोमोल्स्काया'. पावेल कोरिन यांनी छतावर रशियन सेनानींची परंपरा रंगवली. विजय संचलनाच्या चित्रात स्टालिन आपल्या सहकाऱ्यांसह होते. स्टालिनविरोधी वारे वाहू लागल्यावर ते चित्र बदलणे क्रमप्राप्त झाले आणि ते काम खुद्द कोरिन यांनाच करावे लागले. आता तेथे नाझी ध्वज पायदळी तुडवणारी मातृभूमी आहे.

१९५४ च्या 'कियेव्स्काया' स्थानकात रशिया व युक्रेन यांच्या मैत्रीचा सोहळा चितारलेला आहे. १६५४ च्या पेरेयास्लाव्ह कराराला तेव्हा ३०० वर्षे होत होती. एका चित्रातील योद्ध्याच्या हाती मोबाइल असल्याचे गमतीने म्हटले जाते; तो असतो युद्धकाळातील दूरध्वनी. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यापासून मात्र ही चित्रे पाहताना गमतीला फारसा वाव उरलेला नाही.

पुसलेले परत आणण्याचेही प्रकार घडले. २००९ मध्ये 'कुर्स्काया'च्या प्रवेशदालनात स्टालिन यांचे नाव असलेली जुन्या राष्ट्रगीताची ओळ पुन्हा कोरण्यात आली, तेव्हा मोठा वाद झाला. १९६० च्या दशकात 'तागान्स्काया'मधून हटवलेल्या स्टालिन यांच्या उत्थितशिल्पाची प्रतिकृती मे २०२५ मध्ये त्याच स्थानकात बसवण्यात आली. काही प्रवाशांनी तिच्या पायथ्याशी फुले वाहिली. काहींनी तेथेच निषेधाचे फलक ठेवले.