रुपयाला महिना आणा

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला पूजण्याजोगी वही कधी नव्हती. वही होती ती लालबागच्या आमच्या चाळीखालच्या वाण्याकडे. तीत वडिलांचे नाव होते, आणि तिची पूजा वाणी करीत असे. आम्ही मुले प्रसादाच्या बत्ताशांसाठी दुकानापुढे उभे राहत असू. त्या लाल वहीत आपलेच तेल-तांदूळ लिहिलेले आहेत, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

वडील गिरणीत साचेखात्यात होते. मी शिकून इतिहासाचा मास्तर झालो, तीसेक वर्षे मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या आणि निवृत्त झालो. आता ही जुनी वही आठवायचे कारण म्हणजे माझा एक तरुण मित्र. एके काळी माझा विद्यार्थीच. त्याचे नाव येथे देत नाही. हा अंक त्याच्याही घरी जातो.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी तो आला. औषधांच्या एका गोदामात माल लावायचे काम करतो. पगार महिना १६,००० रुपये, तोही ठेकेदारामार्फत. बराच वेळ बसला, चिवड्याच्या बशीला हात लावला नाही, आणि शेवटी ५,००० रुपये मागितले. पाडव्याला मी त्याला ३,००० दिले होते, गणपतीत ५,०००. ही तिसरी खेप. त्याच्या हातातल्या चकचकीत मोबाइलकडे माझी नजर गेली, आणि वडीलधारी माणसे अशा वेळी जे बोलतात तेच मी बोललो.

"अरे, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"सर, अंथरूण मोजलंय," तो म्हणाला. "आता पाय कापू का?"

मी गप्प झालो. मग उठून कपाटातून एक कोरी वही काढली. म्हटले, पैशांचे मागून बघू. आधी कोणाचे किती आहे ते सांग, मी लिहितो.

या लिहिण्याला आमच्या मुलखात मोठा इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी, भर बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. वर्गात मी हा प्रश्न दोन गुणांना घालीत असे: दंगलीची कारणे लिहा. मुले दुष्काळ, सारावाढ, कापसाचे पडलेले भाव असे लिहीत आणि गुण घेऊन जात. खरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट गुणांच्या बाहेरच राही. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत ही दंगल पसरली तेव्हा लोकांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खते, रोखे, गहाणपत्रे बाहेर काढायची आणि जाळायची. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण ज्यात काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदाची ती भीती होती.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्या कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद केले, हे आपण वाचतो. पण त्यात आणखी एक साधे कलम होते: सावकाराने पैसे घेतले की पावती द्यावी, ऋणको मागेल तर वर्षाचा हिशेब द्यावा, पासबुक द्यावे. जाळपोळीला दिलेले उत्तर म्हणजे एक पावती! त्या वेळच्या पुष्कळांना हे हास्यास्पद वाटले असेल. मला मात्र त्या संध्याकाळी ते पटत चालले होते. कारण माझ्या मित्राने कर्ज घेतले होते सहा ठिकाणी, आणि त्यांची बेरीज त्याने एकदाही केली नव्हती. भीतीने केली नव्हती.

वहीत मी लिहिले ते असे. गल्लीतल्या एका सावकाराचे २०,०००, शेकडा ८ दरमहा. मोबाइलवरून घेतलेल्या तीन कर्जांचे मिळून १७,५००. मोबाइलचे पाच हप्ते राहिलेले, प्रत्येकी १,४५०, म्हणजे ७,२५०. किराणा ४,३००. मावशीचे १०,०००. आणि शेवटी माझे ८,०००. एकूण ६७,०५०. चार महिन्यांच्या पगाराहून थोडे अधिक.

हा आकडा पाहून मला १९३१ सालच्या एका अहवालाची आठवण झाली. १९२९ साली सरकारने हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी व्हिटली कमिशन नेमले, आपले ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. त्या कमिशनला असे आढळले की, बहुतेक औद्योगिक शहरांत दोनतृतीयांशांहून कमी नाहीत इतके कामगार कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून जास्त आहे. त्याआधी, १९२१-२२ साली, मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले होते. शेकडा ४७ कुटुंबे कर्जात निघाली. व्याजाचा नेहमीचा दर होता रुपयाला दरमहा एक आणा.

एक आणा! ऐकायला किती गरीब वाटतो. ज्यांनी आणा हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: रुपयाचे आणे सोळा. म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला पंचाहत्तर. चाळीस रुपये कर्ज काढणाऱ्याने दरमहा अडीच रुपये द्यायचे, सोळा महिन्यांत चाळीस रुपये व्याज भरायचे, आणि मुद्दलाचे चाळीस जागच्या जागी. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणा हिशेबातून गेला. माझ्या मित्राच्या शेकडा ८ ला जुन्या भाषेत सव्वा आणा म्हणावे लागेल, थोडे जास्तच.

मोबाइलच्या कर्जाचे तर मला गणितच उमगेना. पडद्यावर ५,००० दिसले. खात्यात ३,८०० आले. सात दिवसांनी ५,००० भरायचे. मी कागदावर दोनदा मांडून पाहिले. रुपयाला आठवड्याला पाच आणे! गिरणीच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या पठाणाने या लोकांकडे शिकवणी लावायला हवी होती.

माणूस कर्जात का पडतो? शंभर वर्षांपूर्वीही लोकांचे उत्तर तयार होते: दारू, लग्ने, सणवार. व्हिटली कमिशननेही लग्नसमारंभांच्या खर्चावर बोट ठेवले आहे, आणि ते खोटे नव्हे. पण त्याच कमिशनने दुसरीही शिफारस केली. पगार महिन्याने न देता पुष्कळ धंद्यांत पंधरा-सोळा दिवसांच्या आत द्यावा, अशी. कमिशनला हे दिसले होते की, पोटाला रोज लागते आणि पगार महिन्याने येतो; त्या मधल्या दिवसांत सावकार राहतो.

आणि त्याच्याही सत्तेचाळीस वर्षे आधी हे एका मराठी माणसाला दिसले होते. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध केला. रविवारची सुट्टी त्यांच्यामुळे मिळाली, १८९० साली, हे सर्वांना ठाऊक आहे. रविवारी दुपारी झोपताना त्यांची आठवण कोणी काढत नाही, ते वेगळे. पण त्याच अर्जात एक मागणी अशी होती की, एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. विचार करा. १५ तारीख ही *मागणी* होती! म्हणजे प्रत्यक्षात पगार त्याहूनही पुढे जात असे. कोकणातून आलेला मुलगा पहिल्या दिवशी कामाला लागला तर पहिला पैसा हातात पडेपर्यंत दीड महिना लोटायचा. तोवर खायचे काय? पगार ठरल्या मुदतीत देण्याचे बंधन कायद्याने आले १९३६ साली. लोखंडे १८९७ सालीच वारले होते.

तोवर खायचे ते खाणावळीत. आमच्या चाळीत एक बाई वीस-बावीस गड्यांना दोन वेळा जेवू घालीत. पैसे पगाराच्या दिवशी. पगार लांबला की गडी तिच्याकडे उधार, ती वाण्याकडे उधार, आणि वाण्याने हात आखडला की ती सावकाराच्या दारात. लहान कर्जांची ही साखळी इतक्या घरांतून गेलेली होती की, एका गिरणीचा पगार पुढे गेला म्हणजे दहा चुलींना झळ लागे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायकांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेतून कर्ज मिळवून दिले. ज्या बायका शेकडो पुरुषांना उधारीवर पोसत, त्यांची पत बँकेला तोवर दिसली नव्हती, ही गंमतच म्हणायची.

माझ्या मित्राला मी विचारले, "पगार कधी होतो?"

"बारा, तेरा. कधी पंधरा."

"भाडं?"

"एक तारखेला. मोबाइलचा हप्ता पाच तारखेला. खात्यात नसलं की बँक दंड कापते. तो भरायला परत..."

मूळ २०,००० त्याच्या बापाच्या ऑपरेशनचे. बाकीची सारी कर्जे या एक ते पंधरा तारखांच्या खड्ड्यातून उगवलेली. आणि ज्या मोबाइलकडे मी रोखून पाहिले होते, त्यावरच गोदामातली त्याची हजेरी लागते. मला माझ्या अंथरुणाच्या म्हणीची लाज वाटली.

वसुलीची तऱ्हा मात्र बदलली आहे. वडील सांगत, पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन दारावर उभा राही, आणि काही कामगार दुसऱ्या दाराने निसटू पाहत. कारखान्याभोवती असा पहारा देणे गुन्हा ठरवावा असे व्हिटली कमिशनने सुचविले होते. बंगालमध्ये १९३४ साली तसा कायदाही झाला. आजच्या पठाणाला दार लागत नाही. माझ्या मित्राच्या फोनमधली सगळी नावे त्याने उचलली होती आणि मावशीला, ठेकेदाराला, शाळेतल्या मित्रांना निरोप जात होते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले आहेत: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करू नये; कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली नावे घेऊ नयेत; व्याजासकट सगळा खर्च आधी लिहून द्यावा. पोराला यातले काही ठाऊक नव्हते. मलाही त्या रात्री वाचूनच कळले.

आता केले काय ते थोडक्यात. तिघा मोबाइलवाल्यांपैकी दोघांच्या मागे कोणतीही नोंदलेली संस्था निघाली नाही. त्यांची तक्रार पोलिसांकडे दिली. तिसरा नोंदलेला होता. त्याने हप्त्याची तारीख १८ करून दिली. मावशीला आणि मला थांबायला सांगितले, आम्ही थांबलो. आईला त्याने काहीच सांगितले नव्हते. ते सांगायलाच त्याला चार दिवस लागले. ती माउली रागावली नाही. मार्गशीर्षात तिची भिशी लागायची होती. किराण्याचे ४,३०० तिने त्यातून फेडले.

राहिला गल्लीतला सावकार. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुप्पट नावाचा नियम आहे: एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करू नये. सावकार त्यातून पळवाट काढीत. व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करीत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा ठरवला आहे आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापुढे जाऊ नये असेही म्हटले आहे. माझ्या मित्राने चौदा महिने १,६०० प्रमाणे २२,४०० भरले होते. कायद्याच्या हिशेबात तो सुटला होता. परवानाही त्या गृहस्थाकडे नव्हता. मी सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज लिहायला बसलो, तेव्हा त्याने माझा हात धरला.

"सर, तुम्ही लिहाल आणि तुमच्या घरी जाल. मला त्याच गल्लीत झोपायचंय."

अर्ज लिहिला नाही. आम्ही वही घेऊन त्या गृहस्थाकडे गेलो. "मास्तर, तुम्ही मध्ये कशाला पडता?" असे त्याने दोनदा विचारले. मी काही बोललो नाही. चौदा ओळींचे पान त्याच्यापुढे ठेवले आणि खाली बेरीज दाखविली. कायद्याचे नाव मी एकदाच घेतले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, व्याज सोडतो, मुद्दल द्या. महिना २,००० प्रमाणे दहा हप्ते ठरले, प्रत्येकाची पावती. हा न्याय झाला असे मी म्हणणार नाही. तडजोड झाली, आणि ती माझ्या मनाला अजून टोचते. ज्याला गल्लीत राहायचे होते त्याने ती पत्करली.

या वर्षी पावसाळ्यात तापाने दोन हप्ते चुकले. दसऱ्याला आठवा गेला. गेल्या आठवड्यात तो वही घेऊन आला, चिवडा खाल्ला, आणि माझ्यापुढे ५०० रुपये ठेवले. मी म्हटले, माझे नाव शेवटच्या ओळीत आहे, माझी घाई नाही. त्याने पैसे उचलले नाहीत. वहीचे पान माझ्याकडे फिरवले.

"सर, पावती."

मी लिहून दिली.