‘गुगल कर’: नावाचं क्रियापद होतं तेव्हा

मागच्या भागात मी एक साल चुकीचं सांगितलं. लगेच मेसेज आला, ‘दादा, बोलायच्या आधी गुगल तरी करायचं!’ चूक कबूल. पण मी अडकलो ‘गुगल करायचं’ या शब्दांवर. ‘शोधायचं’ का नाही?

हे नाव आलं ‘गूगोल’वरून. गूगोल म्हणजे एकावर 100 शून्यं. जुलै 1998 मध्ये, कंपनी रीतसर स्थापन व्हायच्याही आधी, लॅरी पेजनं एका ईमेलच्या शेवटी लिहिलं होतं, गुगलिंग करत राहा. म्हणजे नावाचं क्रियापद करणाऱ्यांत पहिल्या काहींपैकी एक खुद्द मालकच!

2006 मध्ये हे क्रियापद ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात गेलं. आता कंपनीनं पेढे वाटायला हवेत ना? उलट त्याच वर्षी तिनं लोकांना विनंती केली, आमच्याकडे शोधलंत तरच हा शब्द वापरा.

ही भीती उगाच नव्हती. ‘एस्कलेटर’ हे एकेकाळी ओटिस कंपनीचं ट्रेडमार्क नाव होतं. लोक कुठल्याही सरकत्या जिन्याला तेच म्हणू लागले आणि 1950 मध्ये अमेरिकेत ओटिसचा त्या नावावरचा हक्क गेला.

पुढे स्वीडनमध्ये गंमत झाली. तिथल्या भाषा परिषदेनं नव्या शब्दांच्या यादीत एक शब्द घेतला, अर्थ साधारण ‘गुगलूनही न सापडणारा’. व्याख्येत कुठलंही सर्च इंजिन चालत होतं. कंपनीला ते खटकलं, तिला व्याख्या बदलून हवी होती. 2013 मध्ये परिषदेनं शब्दच यादीतून काढला, पण व्याख्या बदलली नाही. भाषा बोलणारे ठरवतात, कंपनी नाही, ही तिची भूमिका.

अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं. 2017 मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, नुसतं क्रियापद झाल्यानं ट्रेडमार्क जात नाही. लोक प्रत्येक सर्च इंजिनलाच ‘गुगल’ म्हणतात का, हा खरा प्रश्न. नाव वाचलं.

आणि आपण? मराठीत कुठल्याही नावाला ‘कर’ किंवा ‘काढ’ जोडलं की काम झालं. मशीन कुणाचंही असो, आपण ‘झेरॉक्स’च काढतो. त्यासाठी कुणाची परवानगी घेतली होती आपण?

नाव कंपनीचं असेल, पण क्रियापद आपलं. आणि हो, या भागातली सालं मी तपासली आहेत. कशी, ते तुम्हाला माहितीये!