काजळीवरचा आवाज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घरातली जुनी ध्वनिफीत आपण हौसेने संगणकावर उतरवून घेतो. फाइल उघडतो, आणि आजोबांचा धीरगंभीर आवाज एखाद्या पोरासारखा चिरका ऐकू येतो. फाइल बिघडली, असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा फाइल शाबूत असते, ती वाचण्याची रीत चुकलेली असते. ही चूक किती मोठमोठ्यांना चकवू शकते, त्याची एक गोष्ट आज सांगायची आहे.

गोष्ट पॅरिसची. एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनव्हिल हा छपाईच्या धंद्यातला माणूस. प्रकाशाने चित्र उमटते, तर मग आवाज कागदावर का उमटू नये, या प्रश्नाने त्याला झपाटले. 1857 साली त्याने 'फोनोटोग्राफ' या यंत्राचे पेटंट घेतले. एक मोठे नरसाळे, त्याच्या टोकाला ताणलेला पडदा, पडद्याला चिकटवलेला राठ केस आणि समोर हाताने फिरवायच्या नळकांड्यावर गुंडाळलेला काजळी धरलेला कागद. नरसाळ्यात कुणी बोलले की पडदा थरथरे आणि केस काजळीवर नागमोडी रेघ ओढी. हा आवाज पुन्हा ऐकायचा, हा त्याचा हेतूच नव्हता. तो फक्त डोळ्यांनी पाहायचा होता! एडिसनचा फोनोग्राफ आला तो 1877 मध्ये, आणि सारे श्रेय तोच घेऊन गेला. स्कॉट 1879 मध्ये वारला.

पुढे जवळजवळ दीडशे वर्षे ते कागद पॅरिसच्या दप्तरांत पडून राहिले. 'फर्स्ट साउंड्स' या अमेरिकन संशोधक गटाने ते शोधले आणि त्यांच्या बारकाईने प्रतिमा घेतल्या. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने त्या रेघांचा आवाज केला. मार्च 2008 मध्ये जगाने 9 एप्रिल 1860 चे गाणे ऐकले. 'ओ क्लेअर द ला ल्यून' या फ्रेंच लोकगीताचा तो तुकडा होता, जेमतेम दहा सेकंदांचा. गाणारी एखादी मुलगी किंवा तरुण स्त्री असावी, असे सर्वांना वाटले.

आता गंमत पाहा. नळकांडे हाताने फिरवलेले, म्हणजे वेग कमीजास्त होणारच. स्कॉटला हे ठाऊक होते. म्हणून त्याने गाण्याच्या रेघेशेजारी नादकाट्याची रेघही उमटवून ठेवली होती. नादकाटा ठरल्या गतीनेच कंप पावतो. त्यामुळे त्याच्या लाटा मोजल्या की वेळ कळते. जणू कागदावरचे घड्याळच! संशोधकांनी ते घड्याळ वाचले: सेकंदाला 500 कंपने.

चूक झाली ती इथे. त्या काळचे फ्रेंच शास्त्रज्ञ जाणे एक आणि येणे एक, अशी दोन कंपने मोजत. 1859 मध्ये फ्रान्सने वाद्ये जुळवण्याचा स्वर ठरवला तो 870 कंपनांचा. आजच्या हिशेबाने तो 435 होतो. तसेच 500 म्हणजे आपले 250. गाणे दुप्पट वेगाने वाजत होते! 2009 मध्ये चूक दुरुस्त झाली तेव्हा दहा सेकंदांचे वीस झाले, आवाज एक सप्तक खाली आला आणि 'मुलगी' नाहीशी झाली. संथपणे गाणारा एक पुरुष ऐकू आला. बहुधा खुद्द स्कॉटच.

रेघ तीच आणि कागदही तोच. चुकला होता तो फक्त एक आकडा.

आपल्या फाइलचेही असेच आहे. संगणकातला आवाज म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मोजमापे. सीडीसाठी ती 44,100, तर चित्रफितीसाठी बहुधा 48,000 असतात. पहिल्या प्रकारची फाइल दुसऱ्या हिशेबाने वाजवली, तर तीन मिनिटांचे पद सुमारे पंधरा सेकंद आधीच संपते आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वराने चढते. गाणे बरे वाटते, म्हणून कुणाला संशयही येत नाही. प्रायोगिक सॉफ्टवेअर बिनओळखीची फाइल उघडताना हा आकडा विचारते, तेव्हा अंदाजाने उत्तर देऊ नये. आधी पट्टी आणि कालावधी ताडून पाहावा. आणि मूळ फाइलला हात न लावता प्रतीवरच प्रयोग करावा.

आपल्याकडे 1902 साली कोलकात्यात गौहरजान यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या. गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत सांगतात. दूर जर्मनीत तबकडी तयार करणाऱ्यांना गायिका कोण ते कळावे म्हणून, असे सांगितले जाते. स्कॉटचा नादकाटा काय किंवा हे नाव काय, ओळख आवाजाच्या सोबतच ठेवलेली होती, आणि म्हणून ती टिकली.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज जपून ठेवाल, तेव्हा आरंभी नाव, गाव, तारीख बोलून घ्या. पेटीचा एक सूर धरा आणि तो कोणता, तेही सांगा. उद्या कुणी नातू ती फाइल उघडील, तेव्हा त्याला आजोबांचाच आवाज ऐकू यायला हवा, नाही का?