परकोटापासून निळ्या रेषेपर्यंत

चंद्रपूरचा पहिला नगररचनाकार एक ससा होता. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाची गोष्ट गावात लहानथोरांना पाठ आहे. राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खड्ड्यातलं पाणी प्याला आणि गाठी बऱ्या झाल्या. त्या जागी पुढे अचलेश्वर आला. मग एक दिवस कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्यामागे धावताना दिसला. धावला तो ससा, पळाला तो कुत्रा. राणीचा सल्ला असा की ही भूमी शूरांची आहे, ससा जिथून जिथून धावला तिथून कोट बांधा. पंधराव्या शतकाच्या सुमारास हे काम सुरू झालं असं मानतात. ते पुरं व्हायला काही पिढ्या गेल्या. धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीत परकोट पूर्ण झाला.

ससा खरा की खोटा, हा प्रश्न बाजूला ठेवू. सुमारे अकरा किलोमीटरची ती भिंत इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या बेचक्यात उभी राहिली आणि तिने एक गोष्ट निर्विवाद ठरवली: भिंतीच्या आत गाव, बाहेर नदीचं रान. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर ही चार दारं. शिवाय चोर, विठोबा, हनुमान, मसण, बगड अशा पाच खिडक्या. मसण खिडकीचं काम तिच्या नावातच आहे. नदीकाठी काय चालेल आणि काय नाही याचा हा सगळ्यात जुना आराखडा. घर आत, स्मशान बाहेर. तो वाचायला लिहिता-वाचता येण्याची गरज नव्हती, डोळे असले की पुरे.

त्याच गोंड राजांनी पाण्याजवळच्या जमिनीबद्दल आणखी एक नियम केला, आणि माझ्या मते तो परकोटापेक्षाही हुशारीचा होता. हीरशहाच्या नावावर तो सांगतात. जो जंगल तोडून वस्ती करील त्याला गाव. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन इनाम. अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपुरातला आजचा तुकूम परिसर त्याच नावाचा आहे, फक्त तिथे आता जमीन भिजवण्याऐवजी फ्लॅट विकतात. परवानगीचा क्रम इथे उलटा होता. आधी काम, मग हक्क. पाळ किती मजबूत, सांडवा कुठे काढला, पाणी किती शेतांपर्यंत पोचलं, यावरच जमिनीचं माप ठरायचं. कागद खोटा करता येतो. पाझरणारी पाळ लपवता येत नाही. पूर्व विदर्भातल्या कोहळी समाजाने तलाव बांधण्यात जे कसब कमावलं, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे आजही दर दोन-तीन मैलांवर बोडी किंवा तलाव दिसतो, त्यामागे असं व्यवहारी आमिष होतं.

1751 मध्ये चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, आणि 1853 मध्ये तिसरे रघूजी वारल्यावर राज्यच खालसा झालं. त्यानंतर मेजर ल्युसी स्मिथ यांनी जिल्ह्याची जमाबंदी केली. त्यांचा 1869 चा अहवाल आजही चांद्याच्या इतिहासाचा आधार मानला जातो. गोंड राजांच्या बऱ्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या त्यातूनच. या बंदोबस्तात गावाची वसुली करणारा मालगुजार गावाचा मालक झाला आणि तलावही त्याच्याबरोबर गेले. पण इंग्रजांना एवढं कळत होतं की नदीचा घाट, गुरांची वाट, चराईचं रान, मढं जाळायची जागा ही एका मालकाची असून चालत नाही. म्हणून वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रूढींची नोंद, आणि निस्तार, म्हणजे सामाईक वापराचे हक्क, आले. कोणत्या वाटेने गुरं पाण्यावर जातील, कोणाला कुठून माती काढता येईल, कोणाच्या बांधावरून पाटाचं पाणी जाईल, हे गावकऱ्यांना विचारून लिहून ठेवलं गेलं. नदीकाठच्या पांधणीला पहिल्यांदा कागदावर जागा मिळाली ती इथे. हे कागद मेलेले नाहीत. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 161 निस्तारपत्रकाचं आणि 165 वाजिब-उल-अर्जाचं आहे. पुण्याच्या वकिलाला ती कलमं कदाचित कधी उघडावीच लागत नाहीत. विदर्भात पांधणीवर कोणी तार ओढली की ती आठवतात.

31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. लोक त्यांना आजही मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. मालक गेला, पण पाळ दुरुस्त करणाराही गेला. शहरात तर तलावच संपले. चंद्रपुरात कोहिनूर तलाव म्हटलं की लोकांना मैदान आठवतं, पाणी नाही.

आता येतो तो नियम ज्याच्यावर आज घरं अडतात. 21 सप्टेंबर 1989 ला महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने एक परिपत्रक काढलं आणि नद्यांना निळी व लाल अशा दोन रेषा दिल्या. केंद्रीय जल आयोगाने 1975 मध्येच पूरक्षेत्राच्या विभागणीचा नमुना कायदा राज्यांकडे पाठवला होता. मणिपूरने 1978 मध्ये आणि राजस्थानने 1990 मध्ये तसा कायदा केला. महाराष्ट्राने कायद्याच्या ऐवजी परिपत्रकावर काम भागवलं. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यातलं जे जास्त ते निळ्या रेषेपर्यंत. हा निषेधक पट्टा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. दोन्हींच्या मधला पट्टा नियंत्रित. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने हेच पक्कं केलं. निळ्या रेषेच्या आत बाग, उघडा भाजीबाजार, पार्किंग, सांडपाणी केंद्र आणि स्मशान चालेल. दोन रेषांच्या मध्ये घर चालेल, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटरने वर हवं, म्हणजे दीड फूट. निळ्या रेषेत स्मशानाला मुभा आहे हे वाचलं की मसण खिडकी बांधणाऱ्यांना हसू आलं असतं. पाचेकशे वर्षांनी आपण तिथेच येऊन पोचलो.

पण '25 वर्षांतून एकदा' या शब्दांनी फार घोळ घातला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा पूर येऊन गेला की पाव शतक निर्धास्त. तसं नाही. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन नेमक्या निळ्या रेषेवर घर बांधलं, तर कर्ज फिटायच्या आत एकदा तरी घरात पाणी शिरण्याची शक्यता 56 टक्के होते. लाल रेषेवरच्या घरालाही ती 18 टक्के आहे. बँकेच्या कागदावर हे गणित कुठे मांडलेलं नसतं.

मधल्या काळात आणखी एक प्रयोग होऊन गेला. 2000 मध्ये पर्यावरण खात्याने नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं, 2009 मध्ये ते सुधारलं. नदीच्या पाण्याच्या प्रतीनुसार काठापासून किती किलोमीटरपर्यंत कोणते कारखाने चालणार नाहीत हे त्यात ठरलं होतं. 2015 मध्ये ते रद्द झालं. कारण दिलं गेलं गुंतवणुकीचं. उद्योगांना नदीपासून दूर ठेवणारा नियम गेला आणि घरांना दूर ठेवणारा राहिला, हे चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात तरी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कारण इरई ही साधी नदी उरलेली नाही. चिमूर तालुक्यातून येणाऱ्या या नदीवर महाऔष्णिक वीज केंद्रासाठी धरण आहे. खाली शहर. त्याच्याही खाली हडस्तीजवळ ती वर्धेला मिळते. वर्धा फुगली की इरईला वाट मिळत नाही आणि पाणी मागे शहराकडे सरतं. त्यात धरणाचे दरवाजे उघडले की वरून लोंढा आणि खालून फुगवटा, दोन्ही एकाच वेळी. काठावर कोळसा खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. रेषा आखताना नदीचं पात्र जेवढं रुंद आणि खोल धरलं असेल, तेवढं ते पुढे राहील का, याची हमी कोण देणार? 2006, 2013 आणि 2022 या तिन्ही वर्षी चंद्रपूरने मोठा पूर पाहिला. पाणी आधी शिरतं ते परकोटाबाहेर: रहमतनगर, बिनबा आणि पठाणपुरा दरवाज्यांच्या पलीकडच्या वस्त्या. तिथे राहणारे बहुतेक हातावर पोट असलेले. अकृषक न केलेल्या शेतात कोणीतरी प्लॉट पाडले, शंभर रुपयांच्या कागदावर विकले, आणि पहिल्या पावसात रेषा कुठे आहे ते घरमालकाला कळलं. त्यांना 'अतिक्रमण करणारे' म्हणणं सोपं आहे. विकणारे त्या वेळी कुठे होते, हे कोणी विचारत नाही.

परकोटाच्या आतल्या माणसाचीही सुटका नाही. भिंत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे संरक्षित आहे, आणि 2010 च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित झाले. ताजमहालाभोवती शंभर मीटर म्हणजे एक वर्तुळ. अकरा किलोमीटरच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी शंभर मीटर म्हणजे भर वस्तीतला सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आसपासचा पट्टा. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला कौलं उतरवून स्लॅब टाकायचा तर फाईल. एका अर्थाने सशाच्या पावलांवर आजही परवानगी घ्यावी लागते. भिंतीवर झाडं माजली होती, कचरा पडत होता. 2017 मध्ये इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने ती साफ करायला घेतली, त्याची दखल पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही घेतली गेली. साफ झालेल्या त्या भिंतीवरून आता लोक चालतात, बुरुज बघतात. नियमाने जी भिंत वाचली नव्हती ती फावड्याने वाचली, असं मी म्हणेन.

26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत हा सगळा हिशोब बदलतो. तिथे नदी आणि घर यांच्यामध्ये नगररचना येत नाही, जंगल येतं. 2006 च्या वनहक्क कायद्यात शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी अशा तेरा कामांसाठी एक हेक्टरहून कमी वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेने शिफारस केलेली असावी. शिफारस आधी, साहेबाची सही नंतर. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो याच कायद्यातून. मात्र भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी बाजारात शिरतं तेव्हा ग्रामसभा काय करणार? आणि सिरोंच्याच्या शेतकऱ्याला तर 2019 मध्ये सुरू झालेल्या, तेलंगणाने बांधलेल्या मेडिगड्डा बंधाऱ्याच्या फुगवट्याशी झगडावं लागलं. नदीच्या दोन काठांची दोन राज्यं, दोन नियमावल्या, पाणी एकच.

माझी तक्रार निळ्या रेषेबद्दल नाही, ती दिसत नाही याबद्दल आहे. परकोट दिसत होता, तलावाची पाळ दिसत होती, वाजिब-उल-अर्जही गावाला विचारून लिहिला होता. निळी रेषा जलसंपदा खात्याच्या नकाशात असते आणि सातबाऱ्यावर नसते. वनखातं जंगलाच्या हद्दीला बुरुज बांधतं, तर इरईच्या काठाने दर शंभर मीटरवर एक निळा दगड रोवायला महापालिकेला किती खर्च येईल? 2022 च्या पुराची पातळी दारांवर रंगवायला तर डबाभर रंग पुरतो.

ते होईपर्यंत, इरई-झरपटच्या बाजूला प्लॉट बघत असाल तर विकणाऱ्याचा लेआऊट बघून भुलू नका. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, त्यावर दोन्ही रेषा आखलेल्या आहेत का ते बघा, नसतील तर जलसंपदा विभागाकडे लेखी विचारा. भिंतीजवळ असाल तर पुरातत्त्व विभागाचा ना हरकत दाखला वेगळा लागेल. आणि इसार देण्याआधी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा, 2006 ला पाणी कुठवर आलं होतं.